हिरव्या हरणाचा कान

आता आपल्याच तोंडानं आपली अब्रू काढायची म्हणजे काय सांगू तुम्हाला! पण चहा तुम्ही पाजताय, तर ऐका.

मी नांदेड जिल्ह्यात, कंधारला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. नुसतं पान बघून झाडाचं खानदान सांगणारा माणूस! निदान तशी माझी समजूत. आणि माझे साडू दिगंबरराव, लातूरचे कापडवाले. लातूरला साधा गतिरोधक झाला तरी हा माणूस मला फोन करून कळवतो. या खेपेला म्हणे बागेत प्रदर्शन लागलंय, जिवंत रोपांचे हत्ती, मोर, हरणं! "या सर, बघून तर जा. तुमच्या नांदेडकडं असलं काही न्हाई!"

झालं! बायकोनं, सुनंदानं, रविवारी मला बसमध्ये कोंबलं.

गेटातून आत शिरलो तसं माझं तोंड सुरू. हत्ती? छे! नाकाला पाइप जोडलेली गाभण म्हैस. मोर म्हणजे अंगात आलेली कोंबडी. वाघाला तर मी हातच जोडले. "दिगंबरराव, 'तू वाघ आहेस' असं ह्याला कुणी सांगितलंय का?"

"हळू बोला हो," सुनंदा म्हणाली. "लोकं बघून राहिलेत."

बघू देत की! मला उलट जोर चढला. पुढं एक हरीण उभं होतं. बारीक, चकचकीत हिरवी पानं, एकही वाळलेलं नाही. भर उन्हाळ्यात? जिथं माणसाला पाण्याची पंचाईत, तिथं हरीण इतकं टवटवीत?

"प्लास्टिक!" मी जाहीर केलं.

"न्हाई हो सर. तारेच्या सांगाड्यात माती भरून जित्ती रोपं लावलीत," दिगंबरराव म्हणाले.

"बावीस वर्षं हेच शिकवतोय मी. मला सांगता?" जमलेल्या लोकांकडे वळून मी वर्गातला आवाज काढला. "मंडळी, आपल्याला येड्यात काढून राहिलेत. हे बघा!" आणि हरणाचा कान धरून ओढला.

कान आला. मुळांसकट! ओली माती थेट माझ्या पांढऱ्या शर्टावर.

मागून झारी घेतलेली एक बाई आली. हरीण तिनंच वाढवलेलं. ओरडली नाही, काही नाही. "चार महिने लागले साहेब ह्या कानाला," एवढंच म्हणाली, आणि माझ्या मुठीतून कान काढून घेऊन परत खोचायला लागली. अहो, चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

दिगंबरराव नुसते मिशीत हसत होते. आता साडूसमोर माघार घ्यायची? कशी घेणार?

"काम कच्चं, म्हणून कान निघाला," मी म्हणालो. "कारागिरी बघायची तर ती बघा!" वाटेच्या कडेला एक हिरवा ससा तोंड वासून बसला होता. मी जाऊन त्याच्या गळ्यात हातच टाकला. "ह्याला म्हणतात जोपासना! गवताच्या कुळातली जात. काय दाट वाढ! पाणी बेतानं, छाटणी वेळेवर. बाई, हा ससा ज्यानं वाढवला ना, त्याच्याकडून शिका जरा!"

बाई माझ्याकडे बघतच राहिली. दिगंबररावांनी मोबाइल काढला. "सर, असंच थांबा. लई भारी दिसून राहिले!"

मी चक्क हसलो हो फोटोसाठी!

तेवढ्यात एका म्हातारीनं माझ्या बगलेखालून हात घातला आणि भेळेचा खरकटा कागद सशाच्या तोंडात कोंबला.

"अहो आजी! कलाकृती आहे ती!"

"कचऱ्याचा डबा हाय बाबा," आजी म्हणाली. "वरून प्लास्टिकचं गवत चिटकवलंय. सरक जरा, कप टाकायचाय."

सरकलो. दुसरं काय करणार?

घरी पोचायच्या आधीच तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला होता. खाली दिगंबररावांनी एवढंच लिहिलं होतं, 'डावीकडचे आमचे सर.'