काकूसाठी केलेली गाणी

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. पुण्याच्या एका दुकानाला दोनशे कडक भाकऱ्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने पाठवायच्या होत्या. सकाळी सातला आधण ठेवलं, ज्वारीचं पीठ चाळलं आणि परातीपाशी बसले.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत आमचं काम चालतं. मी थापते, माझी धाकटी जाऊ भाजते, शेजारच्या एक बाई पाकिटं भरतात. अकरा वर्षं झाली. कडक भाकरी अगदी पातळ थापावी लागते. हातावर फार वेळ राहिली की फाटते. त्यामुळे थापणारीचा आणि भाजणारीचा वेग एकच हवा. मी भाकरी उचलली की जावेचा तवा रिकामा असतो, सांगावं लागत नाही.

त्या दिवशी मी तीनदा भाकरी हातावर घेऊन ताटकळले. चौथ्यांदा तवा रिकामा होता, त्यावरून धूर निघत होता आणि जाऊ उलथन्याने शेगडीच्या कडेवर ठेका धरून बसली होती.

"अगं, लक्ष कुठं आहे?"

"हितंच की, अक्का."

डोक्यावरचा पदर सरकला होता. डाव्या कानात इअरफोनचं पांढरं बोंड दिसलं.

"काय ऐकतेस?"

"गाणी. आपल्या पोरीनं करून दिल्यात."

आपली पोरगी म्हणजे माझी. पुण्यात नोकरीला आहे. जावेला दोन मुलगे, मुलगी नाही. माझ्या मुलीला कुठली कुठली गाणी गोळा करायचा नाद आहे, हे मला माहीत होतं. आफ्रिकेतली, दक्षिण अमेरिकेतली, शिवाय जॅझ. ती एकापुढे एक जोडून तिने तासाभराची एक माळ केली आणि काकूला पाठवली, हे मात्र माहीत नव्हतं. आणि एक नव्हे. दिवाळीपासून तीन.

दहा वाजता जाऊ गिरणीत गेली. तिचा मोबाइल चार्जिंगला होता. दुसऱ्याचं उघडून बघायची मला सवय नाही. त्या दिवशी बघितलं.

आधी तारांचं वाद्य वाजलं. एकतारीला कोणी वीस तारा जास्तीच्या लावाव्यात तसं, भराभर आणि स्वच्छ. मग हलगीसारखं काहीतरी, पण हलगीपेक्षा खालच्या सुरात. मग एक माणूस गायला आणि मागच्यांनी त्याला झील दिली. आवडलं की नाही हे ठरवायच्या आत गाणं थांबलं आणि माझी मुलगी बोलायला लागली.

"काकू, हे मालीतलं होतं. आता क्युबातलं लावते, हे भाजताना ऐक. काल ऑफिसच्या लिफ्टमध्ये ऐकत होते, माझा पाय हलायला लागला, आणि साहेब शेजारी!" ती हसली. पुष्कळ वेळ हसली. "आणि आईला ऐकवू नकोस हं. ती म्हणेल, आधी गॅस बारीक कर."

ऐकता ऐकता मी खरोखरच गॅस बारीक केला होता.

माझा आणि मुलीचा फोन रोज होतो. जेवलीस? हो. डबा वेळेवर येतो? येतो. बरं. बरं. दोन मिनिटांत आटपतं. आम्ही कामाच्या बायका, असंच असायचं, असं मी धरून चालले होते. लिफ्ट, साहेब, पाय हलणं, यातलं मला काही सांगितलेलं नव्हतं. मला जावेचा हेवा वाटला. इतका की ती पिठाची पिशवी घेऊन दारात आली तेव्हा पिशवी धरायलाही मी उठले नाही.

वर म्हटलं, "आता तू पाकिटं भर. तव्यावर या बसतील."

पाकिटांच्या बाई घाबरल्या. "अहो, मला नाही जमायचं."

"जमेल."

नाही जमलं. दुपारपर्यंत नऊ भाकऱ्या करपल्या, काही माझ्या हातावरच फाटल्या. जाऊ कोपऱ्यात पाकिटं भरत होती. ती दुधनीची आहे, कर्नाटकाच्या हद्दीजवळची. रागात असली की कन्नडमध्ये मोजते. ओंदु, एरडु, मूरु. मोठ्याने. इअरफोन काढून ठेवला होता, आणि मला त्याचंही बरं वाटलं. हे लिहायला छान वाटत नाही, पण वाटलं होतं.

चहाच्या वेळी तिने पाकीट खाली ठेवलं.

"अक्का, मला तव्यावरनं का उठीवलं?"

"तुझं लक्ष नसतं."

"आकरा वरसांत किती करपल्या माज्या? आज ह्यांच्या नऊ झाल्या."

"मला मधे घेऊ नका," बाई म्हणाल्या. "मी आधीच सांगितलं होतं."

"गान्यांचा राग हाय, व्हय?"

"तुला पाठवते. मला का नाही?"

"तुमी कवा मागितली?" तिने कप ठेवला. "दिवाळीत ती कानाला लावून बसली हुती. तुमी म्हनला, काढ ते आन् चकल्या तळ. मी म्हनलं, एक बोंड माज्या कानात घाल, बगू तरी. एवढंच झालं."

मला ते नीट आठवत होतं. चकल्या चांगल्या झाल्या होत्या.

"मग मला सांगायचंस तरी."

"तिनं नगं म्हनलं. आन् खरं सांगू? मलाबी न्हवतं सांगायचं. ह्या घरात माज्या एकटीचं म्हनून दुसरं काय येतंय, अक्का?"

उद्याचं पीठ पुरेल का, असं मी विचारलं. पुरेल की, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ खोलीत आली ती सरळ पाकिटांकडे वळली. मी उलथनं तिच्या हातात दिलं.

"बस तव्यावर. आणि ते कानातलं काढ, माझी भाकरी कधी येते ते तुला कळत नाही. मोबाइल त्या रिकाम्या पातेल्यात ठेव. आवाज मोठा होतो."

तिने विचार केला. "पयली माळ लावते. तिसरी माजी राहू द्या."

"राहू दे."

पातेल्यातून हलगीसारखं ते वाजायला लागलं. पाचसहा भाकऱ्या आमचा मेळ बसेना, मग बसला. जॅझ म्हणून काहीतरी आलं. सनईपेक्षा जाड आवाजाचं, आणि घर विसरल्यासारखं गल्ल्यागल्ल्यांतून फिरत राहिलेलं. ते मला आवडलं नाही. क्युबातलं आवडलं. त्यावर हात भराभर चालतो. मग मधेच मुलीचा आवाज आला, "काकू," आणि परातीतली भाकरी माझ्या बोटांखाली फाटली. गोळा करून पुन्हा थापली. जाऊ तव्याकडे बघत राहिली, माझ्याकडे बघितलं नाही. तिचा तो चांगुलपणाही मला झोंबला.

नव्वद झाल्यावर मी उजवा हात धुतला, पदराला पुसला आणि मुलीला बोलून निरोप पाठवला. आजवर कधी पाठवला नव्हता. म्हटलं, "काकूची गाणी मी ऐकली. तिला रागावू नकोस, मी न विचारता घेतली. जॅझ फार लांबतं, तेवढ्यात तीन भाकऱ्या होतात. क्युबाचं बरं आहे. माझ्यासाठी वेगळी कर, काकूची नको. आणि मधे मधे बोल."

पाठवलं, गॅस बघितला आणि पुढचा गोळा घेतला.