माझ्या अक्षरातला तिचा जबाब

ती घटना मला आजही तपशिलासकट आठवते, कारण त्यातली चूक माझीच होती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. हैदराबादेत गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघत होते. तारनाक्याच्या अशाच एका वर्गातून दोन संगणक चोरीला गेले. कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ली फक्त मालकाकडे आणि झाडूपोछा करणाऱ्या बाईंकडे असायची. त्यात समोरच्या पानवाल्याने खबर दिली, की चोरीच्या दिवशी दुपारी दारात पांढरी व्हॅन उभी होती. मी ठाण्यात उपनिरीक्षक होते. तपास माझ्याकडे आला.

बाई पन्नाशीच्या, मूळच्या नांदेडकडच्या, राहायला गौलीगुड्यात. माझी मराठी ऐकून जरा सैलावल्या. मी घाईत होते.

"दार तुम्हीच उघडलंत ना?"

"हौ."

"व्हॅन पांढरीच होती ना?"

"हौ."

"सामान उचलणारे ओळखीचेच होते ना?"

"हौ, मॅडम."

अर्ध्या तासात जबाब तयार. आमच्या पद्धतीत जबाबात प्रश्न येत नाहीत. सगळं सांगणाऱ्याच्या तोंडी घालून सलग लिहायचं. 'मी दार उघडले. पांढऱ्या व्हॅनमधून माझ्या ओळखीचे लोक आले.' वाचून दाखवलं, त्यालाही त्या हौच म्हणाल्या. संध्याकाळ होत आली होती. बाईमाणसाला अंधार पडल्यावर ठाण्यात ठेवत नाहीत, म्हणून सकाळी दहाला या, अटक करून नामपल्लीच्या कोर्टात नेऊ, असं सांगून घरी पाठवलं. हवालदार म्हणाला, "मॅडम, ये केस तो चाय ठंडी होने के पहले निपट गया."

सकाळी पानवाला आला, ओशाळलेला. व्हॅन चोरीच्या आदल्या दिवशीची, दूधवाल्याची होती म्हणाला. चोरीच्या दिवशी तर त्याची टपरीच बंद होती. मी जबाब पुन्हा काढला. जी व्हॅन आलीच नाही ती बाईंनी पाहिली कशी? ती त्यांना मी दाखवली होती.

बाई दहाच्या ठोक्याला हजर. पिशवीत दोन लुगडी आणि तंबाखूची डबी. तुरुंगाची तयारी करूनच आल्या होत्या. या वेळी मी एवढंच म्हटलं, "त्या दिवशी कामावर गेलात तिथपासून सांगा," आणि गप्प बसले. पोलिसाला ते जड जातं. फरशी, बादली, नळाला न आलेलं पाणी, असं बरंच सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, की शिकवणाऱ्या सरांनी एसीवाला येणार म्हणून किल्ली मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली.

"हे काल का नाही सांगितलंत?"

"तुमाला समदं ठाऊकच हाय वाटलं, मॅडम. वर्दीतल्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडावं?"

दुपारपर्यंत सर ताब्यात आले आणि त्यांच्या मेहुण्याच्या खोलीत दोन्ही संगणक मिळाले. वरिष्ठांनी कालचा जबाब फायलीतून काढायला सुचवलं. मी तो राहू दिला.

धाकदपटशाने घेतलेला जबाब अनुभवी नजरेला ओळखू येतो. गोडीने घेतलेला, प्रश्नातच उत्तर भरलेला जबाब मात्र अगदी अस्सल दिसतो. पुढे नोकरी संपेपर्यंत मी डायरीत आधी माझा प्रश्न शब्दशः लिहीत असे, मग उत्तर. हाताखालचे हसायचे, कागद वाया जातो म्हणायचे. जाऊ दे. त्या दिवशीच्या जबाबातून माझे शब्द काढले, तर बाईंचा उरतो एक हौ. तेवढ्यावर मी त्यांना तुरुंगात पाठवायला निघाले होते.