हळद ओलांडून आलेली मुंगी

वाळवणाच्या बाबतीत आमच्या सासूबाईंचा एकच कायदा: कुरडयांच्या साडीभोवती हळदीची रेघ. ती ओलांडायची मुंगीची छाती नाही, असं त्या सगळ्या गल्लीला ऐकवत. शेजारच्या चुलत सासूबाईंना हे फार खुपायचं. त्यांचा भरवसा दुकानातल्या विषारी खडूवर.

गेल्या उन्हाळ्यात संगमनेरच्या आमच्या गच्चीवर दोघींनी मिळून कुरडया घातल्या. दुपारी चुलत सासूबाईंनी हाका मारून आम्हाला वर बोलावलं. हळदीच्या आत, ऐन कुरडईवर, एक काळी मुंगी ऐटीत हिंडत होती.

"बघा अक्का, तुमची हळद. आता मी खडूच वढते."

सासूबाई वाकून हळदीची रेघ कुठे तुटली आहे का ते शोधू लागल्या. त्यांना असं खजील मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. प्राणिशास्त्र शिकून आलेल्या मला 'झुरळांची डॉक्टरीण' म्हणणाऱ्या त्याच, तरीही बघवेना. शेवटी हार आमच्या घराची होती.

मी गुडघ्यांवर बसले. मुंगी मध्येच थांबायची, वळायची आणि चक्क माझ्याकडे बघायची. खऱ्या मुंगीला एवढी सवड कुठली. मोबाईलवर मोठं करून पाहिलं, तर मिशा म्हणून जे हलत होतं ते पुढचे दोन पाय निघाले. सगळे मिळून आठ.

"काकू, ही मुंगी नाहीच. कोळी आहे. मुंगीचं सोंग घेतो हा."

"डिग्री हाय म्हून मुंगीचा कोळी करती व्हय?" त्या खडू घेऊन वाकल्याच.

मी खराट्याची काडी पुढे केली. तो वर चढला. काडी उचलून हलकीच टिचकी मारली, तर खाली न पडता तो काडीला धागा चिकटवून उन्हात लोंबकळत राहिला.

"मुंगी कधी सूत काढते का, काकू?"

त्यांनी जवळ येऊन बराच वेळ पाहिलं आणि खडू कमरेला खोचला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

जिंकल्यावर मोठेपणा दाखवायचा सासूबाईंचा स्वभाव नाही. त्या तडक कठड्याशी गेल्या आणि खालच्या बायकांना ओरडून म्हणाल्या, "हळद वलांडून आला त्यो कोळी हाय, मुंगी न्हाई."

"कोन म्हनतं?" खालून कुणीतरी विचारलं.

"आमची सून म्हनती. शिकल्याली हाय ती."