नसलेल्या पिचचा वळसा

सुदाम साळवे चिडलेला नसला, की त्याला बरं नाही असं आम्ही समजत असू. पंच, रात्रपाळ्या, टीव्हीवर केस रंगवून पळणारे पगारी खेळाडू आणि सगळ्यांच्या वर क्रिकेट, या सगळ्यांवर तो आळीपाळीनं चिडे. वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर उभं राहायचं आणि सुटल्यावर बजाजनगरच्या मैदानावर फुटबॉल खेळायचा, हे त्याचं आयुष्य. मी त्याच्याच संघाचा गोलकीपर. त्याच्या शिव्या सगळ्यात लांबून ऐकायचा मान माझा.

मैदान तसं आमचं नव्हतंच. मधोमध क्रिकेटवाल्यांचं पिच होतं. रोलर फिरवून, पाणी मारून पोटच्या पोरासारखं जपलेलं. संध्याकाळी आम्हाला खेळू देण्याची त्यांची एकच अट होती: पिचवर पाय पडता कामा नये. बुटाचा ठसा दिसला की आठवडाभर फुटबॉल बंद. त्यामुळे आमचा बॉल पिचवरून जायचा आणि माणसं वळसा घालून. या वळशात सुदामला तोड नव्हती. कुणी नवखा सरळ घुसला की तो डाव्या कोपऱ्यातून ओरडे, "मधून नाय रे, कडंनं! तुझ्या बापाचं पिच हाय व्हय?"

मग माझ्याकडे वळून म्हणे, "उद्या हे लोक इथं गहू पेरतील, आन् आपण बांधावर फुटबॉल खेळू."

एकदा एका व्यावसायिक क्लबचा संघ सरावासाठी शहरात आला. त्यांना हरवायला कुणीतरी हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. सुदामच्या अंगातच आलं.

"जिंकायचं नाय," तो म्हणाला. "एक गोल. फक्त एक. पगार न घेता बी माणूस फुटबॉल खेळतो, एवढं कळू दे यांना."

रात्रपाळी करून तो थेट सामन्याला आला. डोळे लाल, पिशवीत रिकामा डबा. समोरची पोरं छातीला कसल्याशा यंत्राच्या पट्ट्या बांधून उतरली होती. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायलाही वेगळा माणूस होता. आणि मैदान? हिरवंगार, सलग. मधे काही म्हणजे काही नाही.

आम्ही किती गोल खाल्ले ते विचारू नका; गोलकीपर कोण होता ते आठवा. पण शेवटी शेवटी मी वैतागून लाथाडलेला बॉल नेमका सुदामच्या पायात पडला. पुढं रान मोकळं. फक्त त्यांचा गोलकीपर, आणि तोही वाकून बुटाची नाडी बांधत होता. सुदाम सुटला. मैदानाच्या मध्यावर आला आणि त्यानं वळण घेतलं. तिथं नसलेल्या पिचला त्यानं पूर्ण, सुबक, आदरपूर्वक वळसा घातला. तेवढ्यात त्यांचे तिघं मागं आले, नाडी बांधून झाली आणि बॉल गेला.

सामना संपल्यावर त्यांच्या कोचनं मला विचारलं, "भाई, वो घूम के क्यों गया?"

"पिच होतं ना मधी," सुदामच बोलून गेला. मग त्यानं मागं वळून मैदान पाहिलं आणि घरी पोचेपर्यंत कुणालाही शिवी दिली नाही. आम्ही घाबरलो.

यंदा क्रिकेटवाले दुसऱ्या मैदानावर गेले. पिचवर हरळी माजली. आता वय झालं, आमच्या गुडघ्यांना पट्टे आहेत. एका संध्याकाळी दोन दगडांच्या मधे उभा राहून मी म्हणालो, "सुदाम, आता ये की मधून."

तो आला. नजर माझ्यावर. मध्यावर त्याचं अंग आपसूक कलंडलं, पाय कडेनं निघाले आणि वळसा घालून त्यानं गोल मारला.

"मधून आलो ना?"

"एकदम सरळ."

"खोटं नको बोलू. तू गोलात हाईस, तुला समोरून दिसतं."

त्यानं बॉल उचलला आणि परत चालू लागला. "थांब तिथंच. मधून आल्याबिगर घरी जायचं नाय."

तो पुन्हा पळत सुटला, पुन्हा वळला. मग पुन्हा. मैदानावर पंच नव्हता, क्रिकेटवाले नव्हते. बॉल काखेत धरून सुदाम मध्यावर उभा होता, आणि आता चिडावं तरी कुणावर हे त्याला कळत नव्हतं.