गुडघ्याखाली चार बोटं

संत तुकाराम नगरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला एक वास सुटायचा. देवाला वाहिलेला दवणा वाळवून कोणी जाळला तर येईल तसा. तो सुटायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या आणि आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "घरात कोणी काही ओढतं का गं?"

मी काहीतरी पुटपुटले. वहिनी आतूनच ओरडली, "या की काकू, तुमाला पण देते एक झुरका!"

काकू हसत आत आल्या आणि चहा घेऊनच गेल्या. मला त्या पंधरा वर्षं ओळखतात. माझ्यामुळे त्या कधी चहाला थांबल्याचं मला आठवत नाही.

वहिनी कुरुळीच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सहा महिन्यांसाठी जपानहून आलेल्या एका बाईंनी तिला मोक्सा म्हणजे धुरकांडीचा शेक शिकवला आणि जाताना डबाभर कांड्या देऊन गेल्या. कांडी म्हणजे कागदात घट्ट वळलेला वाळक्या पाल्याचा भुगा. एक टोक पेटवायचं, फुंकून निखारा करायचा आणि तो कातडीला न टेकवता वरून धरायचा. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजायची, तिथे नडगीच्या जरा बाहेरच्या बाजूला. एका पायाला दहा मिनिटं. मग कांडी वाळूच्या बरणीत खुपसून विझवायची. त्यासाठी दुखणं असायलाच हवं असं नाही. "अंग हलकं वाटतंय, झोप लागती, बास," वहिनी म्हणायची. त्याने खरंच काय होतं ते मला आजही माहीत नाही. मला एवढंच दिसत होतं की त्या वेळात माझी आई वहिनीची असायची.

फर्स्ट शिफ्ट करून वहिनी चारला यायची. चहा झाला की आई सोफ्यावर बसायची आणि वहिनी खाली, आईचा पाय मांडीवर घेऊन. मी माझ्या खोलीत लॅपटॉपसमोर, कानात हेडफोन. कॉलवर माझं बोलणं नसलं की मी आवाज बारीक करायचे. दार अर्धं उघडं ठेवायचे.

"ए, लांब धर की! सासूला जाळती का काय?"

"जळताव कशाच्या तुमी आत्या, लई कडक हाव."

"तुज्या आयलाच सांगते, काय पोरगी दिलीय म्हणून."

मग दोघी खिदळायच्या. आईचं हे हसणं मला ओळखीचं नव्हतं. ती भाषाही नव्हती. आई इंद्रायणीकाठच्या गावातली. पण माझ्याशी ती नेहमी जपून, शुद्ध बोलत आली. मी बालवाडीपासून इंग्लिश मीडियमला. पेरेंट्स मीटिंगला निघताना आई आरशासमोर ओठ हलवून वाक्यं म्हणून बघायची. तशीच वाक्यं पुढे घरातही राहिली असावीत. "जेवतेस का?" "काम झालं का?" मी हो म्हणायचे, नाहीतर नाही. वहिनीला घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि तिला रोज ओरडा मिळत होता. मला त्या ओरड्याचा हेवा वाटायचा. हे कुणाला सांगणार?

एका संध्याकाळी आई म्हणाली, "आमच्या हिरीवर मी वरनं उडी टाकायची. भावांच्या आदी मीच पलीकडं."

"खोटं!" वहिनी म्हणाली.

"व्हय गं. सूर मारायची सूर."

मी हेडफोन काढले. मी नऊ वर्षांची असताना आईने मला पोहण्याच्या क्लासला घातलं होतं. मी पाण्याला घाबरायचे, शिडी सोडायचे नाही. दोन उन्हाळे ती काठावरच्या बाकावर माझा टॉवेल मांडीवर घेऊन बसली. तिला पोहता येतं, हे एकदाही म्हणाली नाही. आणि आता तेच वहिनीला, चहानंतर, सहज सांगून मोकळी झाली. त्या दिवशी मी रात्रीच्या जेवणाला वहिनीने केलेली भाजी घेतली नाही. पोट ठीक नाही म्हणाले. वहिनीने मला ओव्याचं पाणी करून दिलं, त्याचाही राग आला.

मग तिच्या चुलतबहिणीच्या लग्नाला वहिनी आठ दिवस माहेरी, बीडला गेली. पहिल्याच संध्याकाळी मी आईला म्हटलं, "आज मी करते."

"कशाला? तुझं काम असेल."

"नाहीये काम."

मी तीन व्हिडिओ बघून ठेवले होते. अंतर किती ठेवायचं ते सेंटीमीटरमध्ये पाठ केलं होतं. मी खाली न बसता समोर खुर्ची ओढून घेतली, एका हातात कांडी आणि दुसऱ्या हातात फोन, टायमर लावलेला.

"गरम होतंय का?"

"ठीक आहे."

"जास्त नाही ना?"

"नाही नाही. छान वाटतंय."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी टायमर बघत होते. तिने काहीतरी सांगायला सुरुवात करावी म्हणून वाट बघत होते. तिने विचारलं, "ऑफिसमध्ये सगळं बरं आहे ना?" मी हो म्हणाले. दहा मिनिटं झाली. असं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "राहू दे आता, ती आली की बघू."

वहिनी आली, चहा झाला, तिने आईचा पाय मांडीवर घेतला आणि साडी वर सरकवली.

"अगं बाई! आत्या, ह्ये काय?"

मी दारात आले. चार बोटं खाली, बरोबर त्या जागी, रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता.

"काय न्हाई. कुकरची वाफ लागली," आई म्हणाली.

"कुकर काय गुडघ्याखाली ठिवला होता व्हय?"

कोणी हसलं नाही. वहिनीने एकदा माझ्याकडे बघितलं, मग उठून मलम आणलं. मला वाटलं होतं ती काहीतरी टाकून बोलेल. तेच बरं झालं असतं.

"तू बोलली का नाहीस?" मी आईला विचारलं. माझा आवाज चढला होता. "तिला तर लगेच सांगतेस."

आईने मलमाच्या ट्यूबचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तू कधी असं जवळ येऊन काही करतेस? आलीस, त्यात भाजतंय म्हणू? उठून गेली असतीस."

गेले असते. सॉरी म्हणून गेले असते आणि परत कधी कांडीला हात लावला नसता. आई मला ओळखत होती. मी तिला किती ओळखत होते ते त्या फोडावर दिसत होतं.

वहिनीने दुसरा पाय पुढे घेतला. "ताई, हितं बसा. खाली. ह्यो हात असा ठिवा." तिने माझी दोन बोटं आईच्या नडगीवर, त्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेकवली. "आत्याला इचारायचंच न्हाई. आपली बोटं पोळली की उचलायचं." व्हिडिओतही तसंच होतं. मला अंतर तेवढं दिसलं होतं.

पेटवलेली कांडी माझ्या हातात देऊन ती कणीक मळायला आत गेली. मुद्दाम गेली असं मला वाटलं, आणि तिचा तो समजूतदारपणाही मला सहन झाला नाही. आईची कातडी कोरडी होती, माझ्या बोटांखाली हळूहळू तापत होती. पोळायला लागलं की मी कांडी उचलायचे, परत आणायचे.

"विहिरीत पोहायला कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

आईने चमकून बघितलं. मग स्वयंपाकघराकडे मान केली. "ते सगळं हिला सांगितलंय मी. तिला विचार."

"नाही विचारणार. तूच सांग."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. बोलता बोलता माझी बोटं तिच्या नडगीवरून केव्हा उचलली गेली होती ते मला कळलंच नव्हतं.

"सांगते," ती म्हणाली. "आदी ती कांडी लांब धर. पोळतंय मला. डोळे कुटं हायेत तुजे?"