मातीवर घसरणारी मुलगी

"येऊ द्या की," हे तिचं ठरलेलं उत्तर. मी म्हणायचे, आज बर्फ लावला नाहीस तर सूज येईल. "येऊ द्या की." पुढच्या फेरीत समोर फार वरच्या क्रमांकाची खेळाडू आहे असं कुणी सांगितलं, तरी तेच. यात तोरा नव्हता. येणारी गोष्ट टाळता येत नाही, ती फक्त परत पाठवता येते, एवढंच तिला म्हणायचं असायचं. तिचं टेनिसही साधारण असंच होतं.

नाशिकला कॉलेज रोडवर माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. ती पहिल्यांदा आली ती घोटा मुरगळून, वडिलांच्या खांद्यावर हात टाकून. मखमलाबादकडे त्यांची फुलशेती, शेवंती आणि गुलाब. तिची बुटकी चण पाहून मी विचारलं, "बॅडमिंटन का?" तिला राग आला नाही. "सगळे तेच विचारतात," म्हणाली. तेव्हा ती नुकतीच व्यावसायिक स्पर्धांमध्ये खेळू लागली होती.

तुम्ही टेनिस पाहत असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, सिमेंटच्या कोर्टवर उंच आणि ताकदवान माणसाचं राज्य असतं. मातीच्या कोर्टवर चेंडू जरा मंदावतो, उंच उसळतो, आणि बुटक्या माणसाला धावायला वेळ मिळतो. तिने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. "सिमेंटवर बॉल अंगावर येतो मॅडम. मातीवर विचारून येतो."

ती सराव करायची त्या क्लबवर मी तिचा खेळ बघायला जाऊ लागले. तिथली कोर्टं मातीची. ती रेषेच्या इतकी मागे उभी राहायची की पाठ कुंपणाच्या जाळीला लागायची. क्लबातले एक जुने सभासद म्हणायचे, ही पोरगी आपल्या कोर्टवर खेळतेय की शेजारच्या? तिथून ती प्रत्येक चेंडू उंच, फिरकी देऊन परत पाठवायची. जोरात मारायचीच नाही. समोरची मुलगी आधी हसायची, मग दमायची, मग चिडायची, आणि चिडली की चुकायची. "जिंकायचं नसतं," ती म्हणायची, "कंटाळवायचं असतं."

आणि तिचं घसरणं. लांबच्या चेंडूकडे ती धावत जायची आणि शेवटची काही पावलं मातीवरून नुसती घसरत जायची. थांबणं आणि मारणं एकाच क्षणी व्हायचं. मला शरीराचं थोडंफार कळतं, तरी त्यात धावणं कुठे संपलं ते मला कधी सांगता आलं नाही. तिचे वडील एकदा माझ्या शेजारी बसून बघत होते. म्हणाले, वावरात आम्ही पण रोज घसरतो, आम्हाला कोणी टाळ्या नाय वाजवत. असं म्हणून त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

मातीवर चेंडूची खूण उमटते. एका सामन्यात पंचांनी समोरच्या मुलीचा चेंडू बाहेर दिला. ही स्वतः रेषेपाशी गेली, वाकून पाहिलं, आणि बुटाने ती खूण पुसून टाकली. म्हणजे चेंडू आत होता, गुण तुझा. तो सेट ती हरली. नंतर मी विचारलं तेव्हा तिला माझा प्रश्नच कळला नाही. "खूण होती ना," एवढंच म्हणाली.

काही वर्षं अशी गेली. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा सिमेंटवर, तिथे ती लवकर हरायची. मातीच्या स्पर्धा परदेशात, तिथे जाऊन ती एखाद-दोन फेऱ्या जिंकायची आणि परत यायची. क्रमांक थोडा वर जायचा, थोडा खाली यायचा. मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीपर्यंत पोचणं एवढंच तिचं स्वप्न होतं. त्यापुढचं ती कधी बोललीच नाही.

मग तिची जांघ दुखू लागली. आधी खेळल्यावर, मग खेळताना, मग खुर्चीतून उठताना. मी पाय फिरवून पाहिला आणि मला जे वाटलं ते बोलले नाही. मुंबईच्या सर्जनकडे पाठवलं. खुब्याच्या सांध्यातली कूर्चा झिजली होती. हाडाची ठेवणच जन्मतः तशी होती, आणि त्यावर एवढी वर्षं घसरणं. सर्जन म्हणाले, आता थांबलीस तर पुढे नीट चालशील. तिने विचारलं, फक्त मातीवर खेळले तर? ते म्हणाले, मातीनेच तर हे केलंय.

त्याच हिवाळ्यात क्लबने मातीची कोर्टं काढून निळी सिंथेटिक कोर्टं करायचं ठरवलं. ती समितीपुढे बोलायला गेली. सगळ्यांनी तिला मानाने बसवलं, चहा दिला. मातीला रोज पाणी मारावं लागतं, रोलर फिरवावा लागतो, पावसाळ्यात कोर्ट बंदच. हे तिला समजावून सांगितलं. त्यांचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मलाही पटलं मॅडम." पुढच्या आठवड्यात जेसीबी आला.

मग तिच्या वडिलांनी शेवंतीचं एक वावर मोडलं. जमीन सपाट केली, मुरूम टाकला, वर विटांची भुकटी पसरली, कुणाचा तरी रोड रोलर मागून आणून फिरवला. मला बघायला बोलावलं होतं. दोन बांबूंना जाळी बांधलेली, चुन्याच्या रेषा जराशा वाकड्या. चेंडू कुठेही पडला की कुठेही उसळायचा. माती खाली बसतच नव्हती, ती काळी जमीन आतून फुगायची. वडील पुन्हापुन्हा पाणी मारत होते. ती त्यांच्यासमोर तासभर खेळली, भरपूर घसरली, आणि म्हणाली, "एकदम भारी झालंय अण्णा." मी गाडीत बसताना माझ्या हातावर हात ठेवून तिने नकारार्थी मान हलवली. तिथे सराव होण्यासारखा नव्हता. तरी रोज करायची.

त्या वसंतात ती तुर्कस्तानला गेली, समुद्रकाठच्या एका गावात, लहानशा स्पर्धेच्या पात्रता फेरीत. मी दवाखान्यात फोनवर बघत होते. कोपऱ्यात लावलेला एकच कॅमेरा, आवाज नाही. पहिला सेट तिने घेतला. समोरची उंच मुलगी चिडायलाही लागली होती. दुसऱ्या सेटमध्ये जाळीजवळ पडलेल्या एका आखूड चेंडूकडे ती घसरत गेली आणि उठलीच नाही. कुणीतरी पाणी आणलं. बराच वेळ ती बसून होती. मला वाटलं, संपलं, सोडेल आता.

ती उठून खेळायला गेली. धावता येत नव्हतं. जागेवर उभी राहून हाताच्या टप्प्यातले तेवढे चेंडू परत पाठवत होती, सर्व्हिस खालून टाकत होती. दुसरा सेट गेला, तिसऱ्यात तिला एकही गेम मिळाला नाही. समोरच्या मुलीला शेवटी शेवटी मारायची लाज वाटत असावी. ती हळू मारू लागली. शेवटचा चेंडू झाल्यावर दोघींनी हात मिळवले आणि ही लंगडत कॅमेऱ्याबाहेर गेली.

ती परत आल्यावर मी विचारलं, सोडून का नाही दिलंस? पाय आणखी बिघडला होता.

टेबलावर पडूनच तिने उत्तर दिलं. "सोडलं असतं तर जन्मभर वाटलं असतं की जिंकत होते. आता माहिती आहे, हरले."

शस्त्रक्रियेने दुखणं थोडं कमी झालं, खेळ परत आला नाही. तो येणार नव्हता, हे आम्हा दोघींनाही आधीच माहीत होतं. मी तिला जिने चढायला शिकवलं, मांडी न घालता जमिनीवर बसायला शिकवलं. तिशीही न गाठलेल्या मुलीला. मग हैदराबादजवळच्या एका निवासी शाळेत तिला खेळ शिकवायची नोकरी लागली. निघताना ती पेढे घेऊन आली, दवाखान्यातल्या सगळ्यांना वाटले, आणि मला वाकून नमस्कार करू लागली. मी तिला अर्ध्यातच धरलं, कारण वाकायची तिला मनाई होती. आता सणावाराला मेसेज येतो. मजेत आहे, असं लिहिते.

परवा तिचे वडील आले होते, स्वतःचा गुडघा घेऊन. त्या वावरात पुन्हा शेवंती लावली का, असं मी विचारलं. लावून पाहिली, म्हणाले. मुरमामुळे मुळं धरत नाय. मग म्हणाले, तिची आई रोज बोलते, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच तुम्ही पोरीला थांबवायला पाहिजे होतं.

मी दिलासा द्यायचा म्हणून बोलून गेले, "अण्णा, तुम्ही सांगून ती थांबली असती का?"

ते खाली बघत राहिले. त्यांनी खरोखरच विचार केला.

"थांबली असती," ते म्हणाले. "माझं ऐकायची ती."

मी त्यांचा पाय उशीवर घेतला आणि शेक लावला.