अम्मांचं दीड ग्रॅमचं विमान

लग्न होऊन मी चेन्नईला आले तेव्हा साड्यांच्या बॅगेपेक्षा जास्त जपून एक पुठ्ठ्याचा खोका आणला होता. त्यात माझी तीन विमानं होती. बाल्सा लाकडाच्या काड्यांची, रबराच्या पिळावर उडणारी आणि फक्त बंद जागेत उडवायची, कारण त्यांना साधी झुळूकही सोसत नाही. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हा नाद लागला, तो चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात नोकरीला लागले तरी सुटला नव्हता.

सासरची माणसं तंजावरकडची मराठी. एग्मोरला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात मी, नवरा आणि अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या एका कॉलेजातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांची मराठी आणि माझी मराठी एकमेकींना ओळखायच्या, पण घाईत बोललं की चुकामूक व्हायची. त्या 'पोदुम' म्हणाल्या की वाढणं थांबवायचं, एवढं मी पहिल्याच आठवड्यात शिकले. विमानांबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही. त्यांना तो पोरखेळ वाटत असणार, असं मी धरून चालले होते.

रविवारी दुपारी आम्ही अशी विमानं उडवणारे सहा-सात जण एका कल्याण मंडपममध्ये जमायचो. लग्न नसेल त्या दिवशी तिथला व्यवस्थापक हॉल उघडून द्यायचा. हॉलचं छत चांगलं उंच होतं. एसी बंद, पंखे बंद, खिडक्या बंद. चेन्नईच्या उकाड्यात असं तासन् तास उभं राहायचं आणि घामाचा थेंब पंखावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधायचा. माझं विमान चार मिनिटं हवेत राहिलं की मी आठवडाभर खूश असायची.

एका शनिवारी मी जेवणाच्या टेबलावर नव्या पंखाच्या बरगड्या कापत बसले होते. बरगडी म्हणजे बाल्साची वाकडी, केसाएवढी बारीक पट्टी. माझी दर तिसरी पट्टी तुटत होती. अम्मा मागे येऊन उभ्या राहिल्या.

"दाबू नको गे," त्या म्हणाल्या. "ओढ. पातं आपणच कापतं."

"ओढलं की पट्टी सरकते, अम्मा."

त्या आत गेल्या आणि एक छोटी डबी घेऊन आल्या. डबीत अर्धी मोडलेली दाढीची पाती होती. त्यांनी माझ्या शेजारची खुर्ची ओढली, पातं दोन बोटांत धरलं आणि एका दमात चार बरगड्या काढून समोर ठेवल्या. मी बघतच राहिले. एवढ्या सफाईने कापताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं.

अम्मा कॉलेजात 'लॅबमध्ये' होत्या, एवढंच मला माहीत होतं. मी समजत होते की त्या काचसामान धुऊन ठेवत असतील. त्या दिवशी कळलं की त्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे काप करत होत्या. झाडाच्या देठाचा, मुळाचा काप इतका पातळ, की त्यातून पलीकडचं अक्षर वाचता यावं.

"आमच्या प्राध्यापकांच्या पुस्तकात सगळी चित्रं त्या कापांवरून काढली," त्या म्हणाल्या.

"पुस्तकात तुमचं नाव आहे?"

"माझं कशाला?" त्यांनी पातं पुसलं. "काप चांगले होते, ते पुस्तकात आहेत."

संध्याकाळपर्यंत त्यांनी कापलेल्या बारा बरगड्या मी माझ्या बारीक वजनकाट्यावर एकेक करून ठेवल्या. काटा दर वेळी त्याच जागी थांबला. कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे, दिवसभर मोजमापंच करते. अशी सारखी मापं मला यंत्राकडूनसुद्धा क्वचित मिळाली आहेत.

पुढच्या रविवारी अम्मा हॉलवर आल्या. सुरुवातीला नुसत्या बसायच्या. मग महिनाभरात त्यांनी स्वतःचं, जेमतेम दीड ग्रॅमचं विमान बांधलं. बांधणं त्यांना सोपं गेलं, उडवणं जड गेलं. रबर लांब ताणून हातयंत्राने पीळ भरायचा, पीळ वाढेल तसं एकेक पाऊल पुढे यायचं, आणि तुटायच्या आधी थांबायचं. त्यांची किती रबरं तुटली त्याला गणती नाही. विमान सोडताना त्या ढकलायच्या आणि ते नाकावर पडायचं. घरी येऊन त्या ते दुरुस्त करायच्या. सहा-सात महिन्यांनी मात्र त्यांचं विमान माझ्यापेक्षा वर जायला लागलं. ते खाली उतरेपर्यंत त्या पदर हातात घट्ट धरून उभ्या राहायच्या.

गेल्या वर्षी आमच्याच हॉलमध्ये छोटी स्पर्धा ठेवली. बंगळुरू आणि कोइमतूरहूनही लोक आले होते. नियम साधा होता: विमान स्वतः बांधलेलं हवं, तीन उड्डाणं मिळतील, त्यातलं सर्वात लांबलेलं धरलं जाईल. अम्मांचं पहिलं उड्डाण चार मिनिटांचं झालं. दुसऱ्या वेळी विमान सुंदर चढलं आणि छताजवळ आदल्या लग्नाच्या दिव्यांच्या माळेत अडकलं. लांब काठीला फुगा बांधून ते सोडवावं लागलं. खाली आलं तेव्हा डाव्या पंखाचा कणा मोडलेला होता.

संयोजक जवळ आले. त्यांनी अम्मांना सोडून माझ्याशीच इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. म्हणाले, "त्यांना तुमचं दुसरं विमान वापरू द्या. अशी दुर्घटना झाली तर आम्ही चालवून घेतो. नाहीतरी हे तुम्हीच बांधलं असेल ना?"

मी तोंड उघडायच्या आत अम्मा इंग्रजीत म्हणाल्या, "हे मी बांधलं आहे. मला वीस मिनिटं द्या."

मग त्यांनी डबी उघडली. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मोडलेल्या टोकांना तिरका काप दिला, मध्ये बाल्साची नखभर काडी बसवली, सुईच्या टोकाने गोंद लावला. बघता बघता सात-आठ स्पर्धक टेबलाभोवती जमले. एकाने वाकून श्वास सोडला तेव्हा अम्मांनी मान वर न करता त्याला तमिळमध्ये मागे सरायला सांगितलं. तो निमूटपणे मागे सरला.

तिसऱ्या उड्डाणासाठी रबर मी धरलं आणि पीळ त्यांनी भरला. विमान हातातून सुटलं ते जणू हवेनेच उचलून घेतलं. मोठी डावी वर्तुळं घेत ते वर गेलं, माळेपासून हातभर खाली थांबलं आणि तिथेच फिरत राहिलं. प्रोपेलर इतका सावकाश फिरत होता की त्याचे फेरे मोजता आले असते. विमान जमिनीला टेकलं तेव्हा घड्याळात सात मिनिटं एकेचाळीस सेकंद झाले होते.

बंगळुरूच्या एका अनुभवी गृहस्थांनी आठ मिनिटांवर उडवून पहिला नंबर घेतला. अम्मा दुसऱ्या आल्या, मी पाचवी. बक्षिसांनंतर ते गृहस्थ आमच्याकडे आले आणि अम्मांना नमस्कार करून म्हणाले, "तो पंखाचा जोड मला जवळून बघायचाय." अम्मांनी विमान त्यांच्या हातात दिलं. त्यांना जोड सापडेना. शेवटी अम्मांनीच बोट दाखवलं.

संयोजकांनी निकालाच्या कागदावर त्यांचं पूर्ण नाव विचारून लिहिलं. 'बांधणारा' या रकान्यातही तेच लिहिलं. अम्मांनी चष्मा लावून दोन्ही रकाने वाचले, एक अक्षर चुकलं होतं ते दुरुस्त करून घेतलं, आणि मगच सही केली. मी शेजारी उभी होते. मला माझ्या कुठल्याही बक्षिसाचा इतका अभिमान वाटलेला आठवत नाही.

घरी आल्यावर त्यांनी तंजावरला बहिणीला फोन लावला. मी स्वयंपाकघरात भात लावत होते, दार उघडं होतं. विमान, हॉल, बंगळुरूचे गृहस्थ, सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"मला दुसरं कोण शिकविणार?" अम्मा म्हणाल्या. "माझी सूनच शिकविली मला. मोठ्या कारखान्यात इंजिनिअर आहे ती. सगळं मोजून बघते."